पेडणे ते डिचोली, व्हाया एक वायर

पेडण्याहून डिचोलीला आपल्या गाडीने तासाभरात पोचता येतं. धारगळला हायवे, मग कोलवाळचा पूल, थिवीवरून अस्नोडा, पुढे मुळगाव आणि डिचोली. गेल्या मे महिन्यात मला या रस्त्याला तीन आठवडे लागले.

माझी आत्या पेडण्याला राहते, माहेर डिचोलीचं. वय अठ्ठ्याहत्तर. गुडघ्यांमुळे कदंब बसची पायरी चढवत नाही, म्हणून नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचं दर्शन सहा वर्षं राहून गेलं होतं. मी बाबांची दहा वर्षांची पेट्रोल गाडी घेऊन सुट्टीला गेले, तर म्हणाली, "एकदा मला नार्व्याला ने गो."

अस्नोडा सोडून मुळगावच्या वळणावर इंजिन बंद. धक्का नाही, आवाज नाही. वीज जावी तसं. मागून टिप्पर येत होता, त्याने कसाबसा बाजूने काढला. आत्याने माझा हात धरला तो सोडेचना. वीस मिनिटांनी काहीच न झाल्यासारखी गाडी चालू झाली. आम्ही मागे फिरलो.

एका वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावला. कोड आला पी ०३३५, म्हणजे क्रँकशाफ्ट पोझिशन सेन्सर. त्यांनी नवा सेन्सर बसवला, मी बिल भरलं. चार दिवसांनी भर दुपारी कोलवाळच्या पुलाच्या अलीकडे गाडी पुन्हा बंद. आत्या शांतपणे म्हणाली, "राहू दे. देवाला इथूनच हात जोडते." ते मला फार लागलं.

हा सेन्सर करतो काय? क्रँकशाफ्टबरोबर एक दातेरी चाक फिरतं आणि सेन्सर त्याचे दाते मोजतो. एके ठिकाणी मुद्दाम दाते गाळलेले असतात. भजनाला बसलेल्यांना लगेच कळेल: दाते म्हणजे मात्रा आणि ती मोकळी जागा म्हणजे सम. सम सापडली नाही तर ठिणगी कधी टाकायची आणि पेट्रोल कधी सोडायचं हे गाडीच्या कंप्युटरला कळत नाही. मग तो दोन्ही थांबवतो.

पेडण्याच्या बाजारामागे पत्र्याचं एक गॅरेज आहे. तिथल्या दादांनी बॉनेटला हात लावण्याआधी दोन प्रश्न विचारले. गरम झाल्यावरच बंद पडते काय? आणि नंतर स्टार्टर मारताना आरपीएमचा काटा हलतो काय? दुसऱ्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मग एसी लावून गाडी गॅरेजसमोर उभ्या उभ्या चालू ठेवली. पाऊण तासाने बंद पडली. स्टार्टर मारला, काटा जागचा हलला नाही, स्कॅनरवरही आरपीएम शून्य. म्हणजे सेन्सरचा निरोप कंप्युटरपर्यंत पोचत नव्हता. पण तो निघतच नव्हता, की वाटेत अडत होता?

दादांनी सेन्सरच्या दोन पिनांना मल्टीमीटर लावला: आठशेच्या वर ओहम, व्यवस्थित. मग कंप्युटरकडच्या टोकाला लावला तर काहीच नाही. वायरिंग हाताने हलवलं की आकडा यायचा आणि जायचा.

"सेन्सर बरो आसा बाय, वायर वायट."

सायलेन्सरच्या पाइपाजवळ एका पट्टीवर घासून वायरचं आवरण गेलं होतं आणि आतलं तांबं हिरवं पडलं होतं. इथल्या पावसाळ्यात उघडं तांबं किती टिकणार? तापलं की जोड सुटायचा, निवलं की पुन्हा लागायचा. कोडने 'सेन्सरचं सर्किट' म्हटलं होतं. 'सेन्सर बदला' हे माणसाने त्यात घातलेलं. (वर्कशॉपवर माझा राग आहेच, पण मीही तोच कोड फोनवर शोधून मान डोलावली होती.) चार बोटं वायर कापून नवा तुकडा डाग देऊन जोडला, वरून आवरण चढवलं आणि वायर पाइपापासून लांब बांधली. चारशे रुपये.

आधी मी एकटीच दोन दुपारी डिचोलीला जाऊन आले. मग आत्याला सांगितलं. तिने एक दिवस विचार केला आणि जरीकाठाची साडी काढली.

डिचोलीच्या पुढे मयेचं तळं, खाणींच्या लाल टेकड्या, मग झाडीत नार्वे. हा देव मूळचा दिवाडी बेटावरचा, कदंब राजांचं दैवत. ज्यांच्या नावाची बस आत्याला चढवत नाही, तेच कदंब! दिवाडीचं देऊळ पाडलं गेलं, लिंग नदीपलीकडे नार्व्याला आलं आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी इथल्या देवळाचा जीर्णोद्धार करवला.

देवळाजवळ गाडी थांबवली तर आत्या म्हणे, "इंजिन बंद नको करू." मी बंद केलं, लगेच चालू करून दाखवलं, परत बंद केलं. तेव्हा ती उतरली. आत अर्धा तास बसली. काय मागितलं ते मी विचारलं नाही.

परतताना मुळगावचं वळण आलं तसा तिने दाराचा दांडा घट्ट धरला. वळण गेलं, अस्नोडा आलं. दांडा सोडून म्हणाली, "पुढच्या खेपेला शिरगावला जाऊ, लईराईकडे."