वारसा चिखलाचा

आमचे गोरेगाव सांगताना दरवेळी एक पुरवणी जोडावी लागते. मुंबईचा माणूस लगेच विचारतो, ‘पूर्व की पश्चिम?’ पूर्वच म्हणायचे; इतके पूर्व की आणखी थोडे पुढे गेले तर महाराष्ट्रच संपतो. गोंदिया जिल्ह्यातले हे तालुक्याचे ठिकाण. गोंदियाहून कोहमाऱ्याकडे जाताना कृषी केंद्रांच्या पाट्या दाटीने दिसू लागल्या, तहसील कचेरीभोवती झेरॉक्सवाले आणि चहावाले लागले की गोरेगाव आले समजायचे. पुन्हा दोन्ही बाजूंना बांध्या दिसू लागल्या की गेले. चांद्याकडे जाणारी रेल्वेही गावात शिरत नाही, जवळच्या हिरडामालीला थांबून पुढे जाते. येथे बघण्यासारखे काय आहे, असे कोणी विचारले तर मी ‘जून ते डिसेंबर’ एवढेच सांगतो.

कारण हे गाव जागेपेक्षा ऋतूंतच जास्त दिसते. रोहिणी-मृगाच्या सुमारास पऱ्हे टाकायची लगबग सुरू होते. शेताच्या एका तुकड्यात दाट पेरलेले हे कोवळे रोप इतके हिरवे असते की आजूबाजूची तपकिरी जमीन त्यापुढे अंग चोरून बसल्यासारखी दिसते. मग आषाढात चिखलणी होते. बांधी म्हणजे चारही बाजूंनी धुरे घालून पाणी कोंडलेला जमिनीचा तुकडा. तिच्यात नांगर, आता बहुतेक ट्रॅक्टर, फिरून फिरून मातीचे पीठ करतो. त्या चिखलात बाया रांगेने उभ्या राहतात, कमरेत वाकतात आणि मागे मागे सरकत रोवणी करतात. एरवी सगळ्या कामांत माणूस पुढे जातो. रोवणीत तो मागे जातो आणि हिरवे पुढे उरते. पावसापासून बचावाला कोणाच्या डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद, कोणाच्या डोक्यावर पोत्याची खोळ. गाणे कोणी सुरू करते, कोणी अर्ध्यावर सोडते, आणि मुकादमीण ओरडली की पुन्हा धरते.

हलके धान दिवाळीच्या आसपास हाती येते, भारी धान मागे रेंगाळते. कापलेल्या कडपा बांधीत पसरलेल्या असतात, मग त्यांचे भारे होतात, भाऱ्यांचे पुंजणे रचले जातात. या दिवसांत अवकाळी ढग आले की सगळ्या गावाची मान आभाळाकडे वळते. धान उभे असतानाच त्याच्या पायाशी लाखोळी फेकून ठेवायची जुनी रीत आहे. जमिनीत उरलेल्या ओलीवर ती वाढते, कोणाची मशागत मागत नाही. लाखोळीच्या विक्रीवर राज्यात कितीतरी वर्षे बंदी होती, पण आमच्याकडच्या ताटातून तिची भाजी आणि डाळ काही उठली नाही. कायदा नागपूरपर्यंत आला असेल. आमच्या चुलीपर्यंत यायला त्याला वाटेत बऱ्याच बांध्या ओलांडाव्या लागल्या असत्या.

मी या तालुक्यातल्या एका पोवार घरात वाढलो. पोवार घरात मूल जन्मते ते दोन गावांचे होऊन. एक गाव समोर असते, धुऱ्याचे आणि तळ्याचे. दुसरे गाव गोष्टीत असते, आणि त्याचे नाव धार. आमचे पूर्वज माळव्यातून आले, राजा भोजाच्या वंशातले क्षत्रिय होते, आधी रामटेकजवळच्या नगरधनला उतरले, तिथून वैनगंगेच्या खोऱ्यात पसरले; भोसल्यांच्या कटकच्या स्वारीत तलवार गाजवली म्हणून त्यांना या भागात जमिनी मिळाल्या. ही हकिगत मी लग्नाच्या मांडवात ऐकली आहे, तेराव्याच्या पंगतीत ऐकली आहे. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर चार खंड छापले, त्यांतही ती थोड्याफार फरकाने आहे. बिसेन, पटले, रहांगडाले, टेंभरे, कटरे, ठाकरे, बोपचे, तुरकर, हरिणखेडे, येडे अशी कुळे मोजत छत्तीसपर्यंत जायचे, हा आमच्या म्हाताऱ्यांचा आवडता खेळ. बहुतेकांची गाडी विसाच्या पुढे अडखळते. तेवढ्यात कोणीतरी चहा आणतो आणि उरलेली कुळे सुटतात.

वसंत पंचमीला भोजजयंती असते. मिरवणूक निघते, फेटे बांधले जातात, मुली लेझीम खेळतात, भाषणांत धारची भोजशाळा आणि ‘समरांगणसूत्रधार’ हा ग्रंथ येतो. अकराव्या शतकातला तो राजा खरोखर विद्वान होता आणि भोजपूरला बांध घालून त्याने मोठे सरोवर उभे केले, हेही खरे. वक्त्याला तेवढे पुरते. तलाव बांधायची विद्या आमच्या रक्तातच आहे, असे तो सांगतो आणि टाळ्या पडतात.

मी टाळ्या वाजवतो, पण मनातून मला ते पटत नाही. माळव्याची जमीन काळी. ती गव्हा-ज्वारीची. तिथून निघालेल्या माणसाच्या गाठोड्यात तलवार असेल, कुलदेवता असेल, बोली असेल. पण गुडघाभर चिखलात रोप कसे लावायचे, धुऱ्याला कुठे तोंड ठेवायचे, वरच्या बांधीचे पाणी खालच्या बांधीला कोणत्या दिवशी द्यायचे, हे त्याला कुठून ठाऊक असणार? आणि नेमक्या याच गुणांसाठी, धान पिकवण्यासाठी आणि पाणी अडवण्यासाठी, रसेल-हिरालाल पोवारांची वाखाणणी करतात. म्हणजे आमची म्हणून जी ओळख कागदावर चढली ती आम्ही इथे येऊन शिकलो. कोणाकडून, याची नोंद कोणी केली नाही. पण इथे आधी कोण होते ते सगळ्यांना माहीत आहे. हा गोंडांचा मुलूख होता. रान त्यांना पानापानाने माहीत होते. शेजारी कोहळी होते, ज्यांनी भंडारा-गोंदिया-चांद्याच्या पट्ट्यात शेकडो तलाव बांधले. जो तलाव बांधेल त्याला त्याखालची जमीन, अशी गोंड राजांची पद्धत सांगतात. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोहळ्यांच्याच कर्तबगारीचा. पाण्यात ढिवर होते, रानात गुरांमागे गोवारी होते. धारच्या राजवंशाला चिखलात उतरायला या सगळ्यांनी शिकवले असणार, असा माझा कयास आहे. मांडवातल्या हकिगतीत या शिक्षकांची नावे नसतात.

माझा भाचा अमेरिकेत मिनेसोटाला असतो. त्याने एकदा न्यू उल्म नावाच्या लहानशा गावाची छायाचित्रे पाठवली. चहूकडे मक्याची आणि सोयाबीनची शेती, मध्ये गाव, आणि टेकडीवर तलवार उगारलेला तांब्याचा एक प्रचंड पुतळा. तो हर्मनचा. इसवी सन ९ मध्ये रोमन सैन्याचा धुव्वा उडवणारा हा जर्मन योद्धा अमेरिकेत कधी येणे शक्यच नव्हते. पण १८५४ साली हे गाव वसवणाऱ्या जर्मनांना आपण कोण हे सांगायला तोच सापडला आणि १८९७ मध्ये तो टेकडीवर चढला. भाच्याने खाली लिहिले होते, ‘मामा, आपल्या चौकातल्या राजा भोजाचा भाऊ वाटतो का नाही?’

मी हसलो आणि मग त्या गावाबद्दल वाचत बसलो. न्यू उल्म वसले ती भूमी डकोटा लोकांची होती. १८६२ च्या ऑगस्टमध्ये उपासमारीला आणि मोडलेल्या करारांना कंटाळून डकोटांनी युद्ध पुकारले, न्यू उल्मवर दोनदा हल्ला केला. युद्ध हरल्यावर त्यांच्यातल्या ३८ जणांना डिसेंबरात मॅन्काटो येथे एकाच वेळी फाशी दिले गेले आणि पुढच्या वर्षी कायदा करून डकोटांना मिनेसोटातून हाकलले. आमच्याकडे असे युद्ध झाले नाही. आमच्याकडे ते हळूहळू झाले. ज्याच्याकडे कागद होता त्याची बांधी झाली, ज्याच्याकडे नुसते रान होते तो रानाच्या कडेला सरकत गेला. आज सालेकसा-देवरीकडे गेले की गोंडांची गावे लागतात, आणि कचारगडच्या यात्रेला दूरदूरच्या राज्यांतून गोंड लोटतात. आपले मूळ गाव कोणते हे त्यांना मांडवात बसून आठवावे लागत नाही.

न्यू उल्मच्या निमित्ताने आणखी एक गोष्ट कळली. पहिल्या महायुद्धात अमेरिका जर्मनीविरुद्ध उतरली, तेव्हा शेजारच्या आयोवाच्या गव्हर्नराने मे १९१८ मध्ये फर्मान काढले: शाळेत, सभेत, रेल्वेत, देवळात, इतकेच काय टेलिफोनवरही इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलायची नाही. घरोघरी बोलली जाणारी जर्मन त्यानंतर तिथल्या गावांत झपाट्याने ओसरली. आमच्या पोवारीवर कोणी फर्मान काढले नाही. ग्रियर्सनने आपल्या भाषा-सर्वेक्षणात तिला जागा दिली, सरकारने तिला हिंदीच्या खात्यात टाकून मोजली. बैतूलकडची पवारी धरून २००१ च्या जनगणनेत ती बोलणारे सव्वाचार लाखांच्या घरात होते, २०११ मध्ये सव्वातीन लाखांच्या घरात. दहा वर्षांत लाखभर माणसे बोली सोडून उठली आणि दाराचा आवाजही झाला नाही.

कसे उठतात ते मी घरातच पाहिले. आजी घरभर ‘मोरो’, ‘तोरो’, ‘जासू’, ‘करसू’ करत फिरायची. बाबा तिच्याशी पोवारीत बोलायचे, आईशी अर्धे पोवारीत, आणि आमच्याशी वळले की मराठीत. शाळेत मुलांना अडू नये म्हणून. बाजारात व्यापाऱ्याशी हिंदी, कचेरीत साहेबाशी पुस्तकी मराठी, मजुरांशी झाडीबोली. एका दिवसात चार भाषा वापरणाऱ्या या माणसाला कोणी बहुभाषिक म्हटले नाही. खेडवळ मात्र म्हटले. सीमाही अशाच सरकत गेल्या. आमचा भंडारा जिल्हा १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता, मग मुंबई राज्यात गेला, १९६० ला महाराष्ट्रात आला, आणि १९९९ च्या १ मे रोजी त्यातून गोंदिया वेगळा झाला. बालाघाट मात्र पलीकडेच राहिले. बाबांची आत्या तिकडची, मावशी इकडची. पत्रिका एकाच बोलीतल्या घरांना दोन राज्यांत वाटाव्या लागतात. बालाघाटच्या भावंडांची बोली हिंदीत विरघळली, आमची मराठीत. आता लग्नात भेटलो की दोन्हीकडची मुले एकमेकांशी तिसऱ्याच, मोबाइलच्या भाषेत बोलतात.

अलीकडे पोवारीत कविता लिहिल्या जातात, संमेलने भरतात, जुने शब्द गोळा होतात. मला त्याचे कौतुक आहे. तरी बोली संमेलनात जगेल याची मला खात्री वाटत नाही. ती मला अजून धडधाकट ऐकू येते ती मंडईत आणि तलावाच्या पाळीवर.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. बलिप्रतिपदेला गोवारी गायी सजवून नाचतात, मग एकेका गावाचा दिवस ठरतो. ऊस, शिंगाडे, मुर्रा, बांगड्यांची दुकाने, दुपारी दंडार, रात्री झाडीपट्टीचे नाटक पहाटेपर्यंत. लेकी माहेरी येतात, मुलगे पुण्याहून, हैदराबादहून सुटी काढून येतात. सोयरिकी इथेच बघितल्या जातात. दिवसभर घरात पाहुण्यांचा राबता असतो, सुवारी तळल्या जातात, आणि म्हाताऱ्या बाया कोपऱ्यात बसून ज्या कुजबुजीत सुना-जावयांची पारख करतात ती शंभर टक्के पोवारी असते. मराठीत ती पारख करता येणार नाही, सभ्यता आड येईल.

आणि दुसरी जागा पाळ. हे माजी मालगुजारी तलाव, लोक त्यांना मामा तलाव म्हणतात, १९५१ मध्ये मालगुजारी गेली तेव्हा सरकारजमा झाले. पूर्वी गाळ काढणे, पाळीवर माती टाकणे, तोंडावर माणूस बसवणे हे मालगुजार आणि गाव मिळून करत, त्यात वेठही होती आणि जुलूमही होता. मालगुजार गेले ते बरेच झाले. पण तलावाची काळजी कोणाची, याचे उत्तर त्यांच्याबरोबर गेले. तलाव गाळाने उथळ झाले, कडेकडेने अतिक्रमणे आली, बेशरमाची झुडपे माजली. कुठे योजना येते, जेसीबी लागतो, गाळाचे ट्रॅक्टर शेतात जातात, दोन-चार वर्षे पाणी वाढते. कुठे काहीच होत नाही.

पण ऑक्टोबरात भारी धान निसवत असताना पावसाने पाठ फिरवली की सगळे गाव पाळीवर गोळा होते. पाणी आधी कोणाला, वरच्या बांधीला की शेवटच्या, हा तंटा पेटतो. तेव्हा पटले, उईके, मेश्राम, कोल्हे, वलथरे सगळे एका आवाजात ओरडत असतात. शिव्या पोवारीत, म्हणी झाडीबोलीत, कायदा मराठीत, शपथा हिंदीत. कोणी धारचा राहत नाही, कोणी आधीचा आणि कोणी नंतरचा राहत नाही. सगळे त्या तोंडाखालचे असतात. अंधार पडेपर्यंत भांडून शेवटी पाळ्या ठरतात आणि ठरलेल्या पाळ्या बहुतेक पाळल्याही जातात.

चौकातला राजा भोज असू द्या. मुलांना मान वर करून बघायला कोणीतरी लागतो. पण आमच्या वारशाला वर्गणी द्यायची वेळ आली तर मी पुतळ्याला आधी देणार नाही. मी ती पाळीच्या मातीला देईन, तोंडाच्या दुरुस्तीला देईन. तलावात पाणी राहिले तर त्यावरून भांडण राहील, आणि भांडण राहिले तर बोली राहील. माणूस परक्या भाषेत प्रेमसुद्धा निभावून नेतो. पाण्यासाठी भांडायला मात्र त्याला घरचीच लागते.