बेचाळिशीच्या आत

माझं वय अडतीस. शाळेत गणित शिकवतो आणि सहा महिन्यांपासून टेरिटोरियल आर्मीच्या अधिकारी परीक्षेचा अभ्यास करतोय. एनडीए, सीडीएसची दारं वयाने कधीच लावून घेतली. इथे मात्र कमावता पदवीधर ४२व्या वर्षापर्यंत अर्ज करू शकतो. लेखी परीक्षा, मुलाखत, एसएसबी, मेडिकल. निभावलं तर लेफ्टनंट. नोकरी सोडावी लागत नाही, दरवर्षी ठरावीक दिवस प्रशिक्षण. गरज पडली की पूर्णवेळ बोलावणं.

मला हवी आहे पॅरा. टेरिटोरियल आर्मीची एक पॅरा बटालियन आमच्या नाशिकजवळ, देवळालीला आहे. पण ती मरून टोपी मागून मिळत नाही. आधी प्रोबेशन, मग विमानातून पाच उड्या, त्यातली एक रात्रीची. सोबतची पोरं पंचविशीतली असणार. पहाटे पाठीवर वजन घेऊन धावताना गुडघे जे वय सांगतात, ते फॉर्मवरच्या वयाहून बरंच जास्त असतं!

अम्मीला चिंता गुडघ्यांची नाही. "दोन पोरींचा बाप आहेस," म्हणाली. मी ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान यांचं नाव काढलं. ५० पॅरा ब्रिगेडचे कमांडर, ३ जुलै १९४८ला झांगरला शहीद झाले, तेव्हा वय पस्तीस.

"त्यांचं लग्न झालं नव्हतं," अम्मी म्हणाली.

हे तिला कुठून ठाऊक, कोण जाणे. मला उत्तर सुचलं नाही.

बायकोने अजून होकार दिलेला नाही. पहाटे चारचा गजर मात्र तीच बंद करते आणि मला हलवून उठवते.