सरकत्या ओळी आणि ग्वाल्हेरचा ळकार

लष्कर हे ग्वाल्हेरच्या एका भागाचे नाव मुळात छावणीचे. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी येथे तळ दिला आणि तंबूंच्या जागी वाडे उभे राहिले. त्या वस्तीतील एका मराठी घरी आम्ही मागे चार दिवस राहिलो. निमित्त होते भा. रा. तांब्यांच्या कवितावाचनाचे. तांबे ग्वाल्हेरचे राजकवी. १९४१ साली येथेच वारले. वाचणारी मुले मात्र हिंदी शाळांतली, घरी मराठी बोलणारी आणि मराठी पुस्तक क्वचितच उघडणारी.

मुलांच्या हाती कागद नकोत, संगणकाच्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत ओळी आपोआप वर सरकाव्यात, अशी कल्पना निघाली आणि ती आज्ञावली लिहिण्याचे काम आम्ही हौसेने अंगावर घेतले. पहिला पेच अगदीच क्षुल्लक होता. गजर दर सेकंदाला पंचवीसदा वाजावा आणि दर वेळी मजकूर अर्धा ठिपका वर जावा, असे आम्ही लिहिले. मजकूर जागचा हलेना. पडद्याला अर्धा ठिपका ठाऊक नसतो, तो अर्ध्याचे शून्य करतो. खरे स्थान अपूर्णांकात वेगळे जपून, दाखविताना तेवढे पूर्णांकात आणले, तेव्हा ओळी चालू लागल्या.

खरी चूक पुढे झाली. प्रत्येक ओळीला किती वेळ द्यावा हे आम्ही तिच्यातील चिन्हे मोजून ठरविले. संगणकाच्या लेखी ‘ज्योत्स्ना’ या शब्दात दहा चिन्हे आहेत, कारण तो व्यंजन, हलन्त आणि मात्रा वेगवेगळ्या मोजतो. ‘कमळ’ मध्ये तीनच. म्हणजे आमच्या यंत्राने ज्योत्स्नेला कमळाच्या तिपटीहून अधिक वेळ दिला. जोडाक्षरे जड आणि सुटी अक्षरे हलकी, हा समज आमचाही होताच. यंत्राला दोष का द्यावा?

सरावाच्या वेळी नेमके उलटे घडले. ज्योत्स्ना हे मुलांच्या कानांवरचे नाव. ती ते झटक्यात म्हणत आणि पुढची ओळ येण्याची वाट पाहत. ‘कमळ’ आले की एक मुलगी ‘कमल’ म्हणे. तिची आजी बाजूने ‘ळ’ म्हणून दुरुस्ती करी, मुलगी जीभ वळवून पुन्हा प्रयत्न करी, आणि तोवर ओळ वर निघून गेलेली असे. ‘जवळ’ या शब्दात तर दोन खड्डे. शेवटी ळ आहेच, शिवाय आरंभीचा ज हा ‘जन’ मधला नव्हे. लिपी मात्र दोघांना एकच आकार देते. ज्याला घरी ऐकून ठाऊक आहे त्यानेच तो ओळखावा. तिसऱ्या वेळी ती मुलगी मधेच थांबली ती थांबलीच. रिकाम्या आवाजापुढून कविता शांतपणे सरकत राहिली. बेळगावकडच्या आमच्या मुलांची, कन्नड शाळेतून येऊन मराठी वाचताना होणारी मुद्रा आम्हांस त्या क्षणी आठवली, आणि आम्ही गजर बंद केला.

मोडी कागद एकाखाली एक डकवून लांब पट्टी करीत, सांध्यांवर शिक्के उठवीत आणि शेवटी मोर्तब. वाचणारा ती पट्टी आपल्या हाताने उलगडी; कागद त्याच्या आधी धावत नसे. त्या रात्री आम्ही चिन्हमोजणी पुसून टाकली. एक ओळ ठळक दिसावी, कळ दाबली की पुढची यावी, एवढेच ठेवले. सरकणे गुळगुळीत राहिले, पण केव्हा सरकायचे ते यंत्राकडून काढून घेतले. आमचे एक स्नेही यावर म्हणाले की मग ‘आपोआप’ काय राहिले? उत्तर देणे आम्ही टाळले.

कळ कोणी दाबावी, यावर घरात थोडी चर्चा झाली. वाचणाऱ्या मुलाने स्वतः दाबावी तर त्याचे लक्ष बोटाकडे जाते. अखेर आजीबाईंना खुर्ची दिली. त्यांना पडद्यावरचे फारसे दिसत नव्हते. त्या नातीच्या ओठांकडे पाहत आणि ळ नीट उमटला की कळ दाबीत. कार्यक्रमात ‘जवळ’ वर त्या बऱ्याच थांबल्या. सभेत कोणी खाकरलेही. मग शब्द आला, आणि ओळ सरकली.