कोरियाच्या त्या दोन रेषा

दोनच रेषा आहेत त्या आलेखात, पण भेटेल त्याला त्यांच्याबद्दल सांगत सुटले आहे! दक्षिण कोरियातल्या थायरॉईडच्या कर्करोगाचा आलेख. पहिली रेषा निदान झालेल्या रुग्णांची. १९९३ ते २०११ या काळात रुग्णांचं प्रमाण पंधरा पट झालं. एकट्या २०११ मध्ये चाळीस हजारांवर माणसं! दुसरी रेषा मृत्यूंची. ती जागची हललीच नाही. वर्षाला तीन-चारशेच.

रोग पंधरा पट आणि मरणारे तेवढेच? किरणोत्सर्ग म्हणावा, तर चेर्नोबिलनंतर बेलारूस-युक्रेनमधल्या मुलांत हा कर्करोग खरोखरच वाढला होता. पण कोरियात तसं काहीच घडलं नव्हतं. घडलं ते एवढंच: १९९९ मध्ये सरकारने कर्करोग तपासणीची मोहीम काढली. थायरॉईड तिच्यात नव्हताच, पण थोडे जादा पैसे भरले की गळ्याची सोनोग्राफीही होऊन जायची. शोधलं म्हणून सापडलं!

हे सगळं आधीपासून गळ्यात होतं? होतं! १९८५ मध्ये फिनलंडच्या संशोधकांनी शवविच्छेदनात १०१ थायरॉईड ग्रंथींचे पातळ काप तपासले. ३६ जणांत पॅपिलरी या प्रकारचा थायरॉईडचा कर्करोग निघाला, जिवंतपणी पत्ताही न लागलेला. तिनात एक! हे वाचून मी हातातलं काम बाजूलाच ठेवलं.

कोरियात मात्र निदान झालेल्या जवळजवळ सगळ्यांवर उपचार झाले. दोन तृतीयांश लोकांची पूर्ण ग्रंथी काढली, म्हणजे जन्मभराची गोळी आली. शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी अकरा टक्क्यांच्या शरीरातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या ग्रंथी दुखावल्या, दोन टक्क्यांच्या स्वरतंतूंना लकवा आला. २०१४ मध्ये तिथल्याच काही डॉक्टरांनी जाहीरपणे सांगितलं की निरोगी माणसांची ही सोनोग्राफी थांबवा, आणि वर्षभरात शस्त्रक्रिया ३५ टक्क्यांनी घटल्या. केवढं धैर्य! (गाठ हाताला लागत असेल, आवाज बसला असेल, तर तपासणी हवीच. प्रश्न काहीही त्रास नसलेल्यांचा आहे.)

सगळ्यात भारावून टाकलं ते जपानमधल्या कोबेच्या कुमा रुग्णालयाने. १९९३ पासून तिथे एक सेंटिमीटरपर्यंतच्या, धोक्याची लक्षणं नसलेल्या कर्करोगाच्या गाठी लगेच न कापता सोनोग्राफीने नुसत्या पाहत राहतात. दहा वर्षांत जेमतेम आठ टक्के गाठी वाढल्या. वाढल्या, तर शस्त्रक्रिया तेव्हा करता येते. आणि १,२३५ रुग्णांच्या त्या पाहणीत या कर्करोगाने मृत्यू एकही नाही. एकही!