पाहुणे निघायच्या बेतात

फेब्रुवारीअखेरची सकाळ. नांदूर मध्यमेश्वरच्या मनोऱ्यावर चढताना पक्षिनिरीक्षकाच्या अंगात स्वेटर असतो. ऊन वर आलं की तो कमरेला येतो.

गोदावरी-कादवेच्या संगमाजवळ बंधारा झाला आणि साचत गेलेल्या गाळाने उथळ पाणी, बेटं, पाणवनस्पती अशी पक्ष्यांची खानावळच मांडली. १९८६ मध्ये अभयारण्य. जानेवारी २०२० मध्ये महत्त्वाच्या पाणथळींना मिळणारा रामसर दर्जा जाहीर झाला, महाराष्ट्रात पहिलाच.

हिवाळ्याच्या सुरुवातीला भुवई बदकाचा नर मादीसारखाच तपकिरी. तेव्हा नवख्याची तारांबळ उडते. आता त्याची पांढरी भुवई दुरूनही ठळक दिसते. पिवळ्या धोब्याचा रंगही गडद होऊ लागलाय. तलवार बदकं खाऊन-पिऊन चरबी साठवताहेत. लांबच्या उड्डाणात तीच कामी येणार. पट्टकादंब तर थेट हिमालय ओलांडतील! त्यांच्या रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायू अधिक घट्ट धरतं, म्हणून विरळ हवेतही त्यांचे पंख चालतात.

मार्चमध्ये नोंदवहीतले बदकांचे आकडे घसरत जातात. जांभळ्या पाणकोंबड्या मात्र इथल्याच रहिवासी. लव्हाळ्यात कोंब खुडत त्यांचा कलकलाट चालूच असतो. त्यांची वीण पावसाळ्यात.