कोण येऊन गेलं?

ताप उतरला तरी अंगात त्राण नव्हतं, म्हणून ब्लॉगचं बिऱ्हाड ब्लॉगरवरून वर्डप्रेसवर हलवायचं रखडलेलं काम बसल्या बसल्या काढलं. ब्लॉगर १९९९चं, २००३ मध्ये गूगलने घेतलं; वर्डप्रेस त्याच वर्षी आलं. ते स्वतःच्या जागेत मांडता येतं, एवढ्यावरच माझं ठरलं. लेख आले, प्रतिक्रियाही आल्या. भेटींचे आकडे मात्र मागेच राहिले. राहू देत, त्यातली कित्येक तर पानं चाळत फिरणारी यंत्रंच. पण टोरांटोचा एक ठिपका अपरात्री नकाशावर उगवायचा, गोधडीवरच्या जुन्या लेखापाशी बराच वेळ रेंगाळायचा. आयपी पत्त्यावरून काढलेलं गाव, खरंखोटं देव जाणे. त्याला नवा पत्ता कोण सांगणार? इथे मोजणी बसवावी की नको, अजून ठरत नाही.