बिनकिल्लीचं घड्याळ

घड्याळ उघडणारी माणसं दोन प्रकारची. एक, ज्यांना ते परत जोडता येतं. दुसरी, ज्यांच्याकडे शेवटी एक स्क्रू उरतो. मी तिसऱ्या प्रकारात मोडतो. मला स्क्रू सापडतच नाही.

१९८४ सालची गोष्ट. आमचे अण्णा निवृत्त झाले आणि दोनच महिन्यांत त्यांचं सीको फाइव्ह रोज सकाळी बंद पडलेलं दिसू लागलं. ऑटोमॅटिक घड्याळ, त्याला किल्ली द्यावी लागत नाही, म्हणजे देता येतच नाही. अण्णा म्हणाले, "दुकानात टाकतो." मी म्हटलं, "कशाला? मी बघतो." आमच्या घराण्यात 'मी बघतो' या दोन शब्दांनी जेवढं नुकसान केलं आहे, तेवढं चोरांनीही केलेलं नाही.

मुलीच्या कंपासपेटीतल्या कर्कटकाने मागचं झाकण फिरवलं. आत अर्धचंद्रासारखं वजन. मनगट हललं की ते गरगर फिरतं. मधला स्क्रू काढून ते उचललं, तर खाली एक दोन पायांची पट्टी. सीकोने १९५९ साली काढलेली ही युक्ती, नावच 'मॅजिक लिव्हर'! तिचे दोन पाय बारीक दात्यांच्या चाकाला दोन्ही बाजूंनी धरतात. एक ढकलतो, दुसरा ओढतो. वजन उजवीकडे फिरो की डावीकडे, चाक एकाच दिशेला जातं आणि स्प्रिंग गुंडाळली जाते. संसाराचंही असंच, फक्त आमच्याकडे ढकलणं आणि ओढणं ही दोन्ही खाती सौभाग्यवतींकडे आहेत.

सगळं पुसून परत जोडायला घेतलं. एक पाय बसवला की दुसरा निसटे. श्वास रोखून चिमटा धरला, तोच आतून आवाज आला, "चहा टाकू का?" मी 'हो' म्हटलं आणि त्या 'हो'बरोबर स्क्रू उडाला. तासाभराने तो माझ्याच लेंग्याच्या घडीत सापडला. घड्याळ जोडलं, हलवलं. वजन झोकात फिरलं, काटे मात्र ढिम्म! पट्टीचे पाय दात्यांत बसण्याऐवजी चाकावर चढून बसले होते. धावपळ भरपूर आणि काम शून्य. अगदी आमची कचेरी.

शेवटी शनिवार पेठेतल्या एका म्हाताऱ्या घड्याळजींकडे गेलो. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, टोकाने दोन पाय अलगद फाकवले, मध्ये चाक सरकवलं. पाच मिनिटांत काम फत्ते.

"पण आधी बंद का पडत होतं?" मी विचारलं.

"घड्याळ कुणाचं?"

"वडिलांचं."

"काय करतात?"

"निवृत्त झालेत. आरामखुर्चीत बसून असतात."

"मग घड्याळात काही बिघाड नव्हता. हात चालला तर ते चालणार, साहेब."

घरी आलो. अण्णांना यातलं काही बोललो नाही. "घड्याळ बसवलंय, पण चाचणी घ्यायला हवी," म्हणून त्यांना सारसबागेपर्यंत चालवत नेलं. दुसऱ्या दिवशीही चाचणी. ती चाचणी अकरा वर्षं चालली. "छान दुरुस्त केलंस हो," अण्णा सगळ्यांना सांगत.

आता ते घड्याळ माझ्या मनगटावर असतं. परवा सकाळी बंद दिसलं. मुलगी म्हणाली, "बाबा, दुरुस्तीला टाकू या का?"

मी म्हटलं, "मी बघतो," आणि पायात चपला सरकवल्या.